खांद्यावरचा हात

माईच्या शिवणखोलीत बारा मशिनी. बाराही एकदम सुरू झाल्या की शेजारणीने बोंब मारली तरी ऐकू यायची नाही. म्हणून माईने नियमच घालून दिला होता. कुणी उजव्या खांद्यावर हात ठेवला की पॅडलवरचा पाय उचलायचा. का, कशाला, ते मागाहून विचारायचं. पूर्वी एका पोरीची वेणी पट्ट्यात गुंतत गेली, मागची बाई जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि ही आपली कॉलर शिवण्यात दंग. त्या दिवसापासून हा नियम. माईलाही लागू.

माईची जीभ कात्रीला लाजवेल अशी. बाया पाठीमागे तिला जमादारीण म्हणत, आणि हे कळल्यापासून माई जरा ताठच चालायची. पण खांद्यावर हात पडला की तिचेही शब्द तोंडातल्या तोंडात विरायचे. अंगवळणीच पडलं होतं ते.

तळपायाची काळी गाठ काढली तेव्हा लेक म्हणाला, "साधी गाठ होती माई. रक्त कमी आहे म्हणून ताकदीचं इंजेक्शन घ्यायचं, दर तीन आठवड्यांनी." माई दुसरीपर्यंत शिकलेली. मापाचे आकडे वाचायची, अक्षरांशी तिचं कधी जमलंच नाही. कागद लेक वाचायचा, सही कुठे करायची तिथे बोट ठेवायचा, आणि माई सही करायची. पोटच्या पोराचं बोट, त्यावर कसली शंका?

तिसऱ्या इंजेक्शननंतर पोट बिघडलं. दिवसातून सात वेळा, आठ वेळा. मग रक्त दिसलं. माईने फक्त सुनेच्या कानावर घातलं. सुनेने ते नवऱ्याला सांगितलं असणारच, कारण दोनच दिवसांनी रक्त तपासायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईने विचारलं, "मावशी, काही त्रास?" आणि माईने तोंड उघडायच्या आत उजव्या खांद्यावर हात पडला. "काही नाही, ठणठणीत आहे," लेक म्हणाला. माई गप्प बसली. वाटलं, चारचौघांत असल्या गोष्टी नकोत म्हणत असेल पोरगा.

चौथ्या वेळी लेक गाडी लावायला गेला. शेजारच्या खुर्चीतली बाई, डोक्याला रुमाल बांधलेली, सहज म्हणाली, "तुमचा कुठला कॅन्सर?"

"माझा नाही हो. मी ताकदीचं घेते."

ती बाई माईकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "इथे ताकदीचं कुणी घेत नाही, ताई."

माई उठली ती थेट डॉक्टरीणबाईच्या खोलीत. "मला काय झालंय? आणि नीट सांगा. मी अडाणी असेन, आंधळी नाही."

डॉक्टरीणबाईने हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्हाला सांगितलं नाही कुणी? प्रत्येक कागदावर तुमची सही आहे."

"सही माझी. वाचणारा दुसरा."

मग डॉक्टरीणबाईने सांगितलं. तळपायाची गाठ कॅन्सरची होती, काढली तरी तिचे अंश अंगात राहिलेत. रक्तात शिपायासारख्या पेशी असतात, परकं दिसलं की मारतात. पण मारत सुटू नयेत, आपल्याच अंगावर उलटू नयेत, म्हणून त्यांच्या अंगावर थांबायच्या जागा असतात. आपल्यातल्या कुणी तिथे हात लावला की शिपाई थांबतो.

"उजव्या खांद्यावर," माई म्हणाली.

"तसंच समजा. आणि ही गाठ मोठी लबाड. घरातलीच पेशी बिघडून झालेली, तिला ती खूण ठाऊक. शिपाई जवळ आला की ती हात ठेवते. तो थांबतो, ती वाढते. आपलं औषध ती जागा झाकून टाकतं. गाठीने कितीही हात लावला तरी शिपायाला कळत नाही."

माईने क्षणभर विचार केला. "मग चांगल्याने लावला तरी कळत नसेल."

डॉक्टरीणबाई खुर्चीत पुढे सरकली. "अगदी बरोबर. म्हणूनच मी दर वेळी विचारते. शिपाई सुटले की कधी कधी आतड्यावर तुटून पडतात. मावशी, जुलाब होतायत का?"

तेवढ्यात दार उघडलं. लेक आत आला, त्याने दोघींकडे बघितलं, आणि माईच्या मागे येऊन उभा राहिला. खांद्यावर हात पडला.

आणि माई थांबली. सगळं कळूनही थांबली. तिचा तिलाच इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मग तिने डाव्या हाताने ती बोटं एकेक करून खांद्यावरून सोडवली.

"आठ वेळा. रक्त पडतंय. दोन आठवडे झाले. याला ठाऊक आहे."

त्या दिवशी इंजेक्शन रद्द झालं. माईला तिथेच दाखल केलं, शिपायांना आवरायचं दुसरं औषध सुरू झालं. "आणखी थोडे दिवस गेले असते तर आतड्याला भोक पडू शकलं असतं," डॉक्टरीणबाई लेकाला म्हणाली, आणि तिचा तो कडक आवाज माईला आवडला.

"माई, त्रास सांगितला तर औषध बंद करतील असं वाटलं गं," लेक खाटेशी उभा राहून रडत होता. "तेवढा एकच उपाय होता. तू जगावीस म्हणून..."

"मी जगावी म्हणून मला मुकी केलीस?" माई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

तीन आठवड्यांनी ती शिवणखोलीत आली. पोट ताळ्यावर आलं होतं. गाठीचं पुढे काय करायचं ते डॉक्टरीणबाई आता तिलाच सांगत होती, आणि घरी कागद वाचायला शेजारची शिक्षिका येत होती. माईने मशीन सुरू केली. कॉलर अर्धी झाली आणि उजव्या खांद्यावर हात पडला. न बघताही ओळखीचा.

माईचा पाय पॅडलवरच राहिला.

समोरच्या बाईने हे पाहिलं आणि तिची मशीन थांबली. मग तिच्या शेजारणीची. एकेक करत अकरा मशिनी बंद पडल्या, एवढ्या मोठ्या खोलीत माईची एकटीची खडखड राहिली. तिने कॉलर टोकापर्यंत नेली, कोपरा वळवला, दोरा तोडला.

"तुम्हाला काय झालं गं थांबायला? तुमच्या खांद्यावर आहे का हात?" ती बायांवर खेकसली. मग मागे न वळता लेकाला म्हणाली, "काय बोलायचं ते समोर येऊन बोल. मागचा हात मला आता ओळखू येत नाही."

तो समोर येऊन उभा राहिला. माईने पुढची कॉलर सुईखाली घेतली आणि तो काय बोलतो याची वाट बघत राहिली. त्याच्याकडे मात्र तिने पाहिलं नाही.