शेळीच्या पायातलं विष

भूगावातल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात सकाळी साडेदहाला सहा बायका सहा टबांत पाय सोडून बसल्या होत्या, आणि उरलेल्या तीसेक जणी त्यांच्या पायांकडे टक लावून बघत होत्या. आधी पाणी पिवळं झालं. मग तांबूस. मग वर फेस आला, आणि शेवटी ते वडेवाल्याच्या संध्याकाळच्या तेलासारखं काळपट झालं, तेव्हा टाळ्या पडल्या.

“तीस वर्षांचं विष, भगिनींनो! तळपायातून बाहेर!” शैलेशगुरुजी म्हणाले. त्यांच्या अंगात भगवा झब्बा आणि वर डॉक्टरांचा पांढरा कोट असे. दोन्ही एकत्र धूत असावेत, कारण कोट हल्ली गुलाबी दिसायला लागला होता.

गुरुजींचा सिद्धांत सोपा होता. शरीरात लसिका नावाची नदी वाहते. ब्रेसियर म्हणजे त्या नदीवर बांधलेलं धरण.

“आणि धरणामागं काय साठतं?”

“गाळ!” बायका ओरडत. मुळशी तालुक्यात हे उत्तर कोणीही देईल.

“काखेत गाळ, छातीत गाळ, गाळाची होते गाठ! एकवीस बैठकांत गाठ विरघळते. डॉक्टरकडे गेलात तर तो सुई टोचणार. आणि सुई टोचली की गाठ चिडते!”

गाठ चिडते म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या सोसायटीत चिडलेल्यांची संख्या आधीच भरपूर आहे.

भिंतीवर तक्ता होता. पिवळं म्हणजे मूत्रपिंड, तांबूस म्हणजे यकृत, काळपट म्हणजे स्तन व काख. ग्रुपवर रोज टबांचे फोटो यायचे. जिचं पाणी फिकट निघे तिला बाकीच्या धीर देत, “पुढच्या वेळी निघेल गं.” आमचे चेअरमन विठ्ठलराव यांनीही उत्सुकतेपोटी एकदा पाय बुडवले. त्यांचंही ‘स्तन व काख’ निघालं. त्यांनी फोटो टाकला नाही.

मी हे सगळं हसण्यावारी नेत होते. मग आमच्या फ्रिजवर एकवीस चौकोनांचं कार्ड चिकटवलेलं दिसलं. नऊ चौकोनांवर टिक.

“आई, तू कशाला जातेस तिकडं?”

“गाठ आहे,” आई म्हणाली. दूध उतू जातंय हेही ती याच आवाजात सांगते. “डावीकडं, काखेच्या जवळ. दुखत नाही, म्हणजे साधीच असणार.”

“कधीपासून?”

“गणपतीपासून. बारा बैठका राहिल्यात ज्ञानदा, त्या होऊ देत. मग बघू.”

तेव्हा दिवाळीचे कंदील उतरून झाले होते.

माझी आई, आशालता, पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाली. उत्तर बरोबर आणि पायऱ्या नाहीत, तर ती शून्य देई. पण अंगात गाठ असली की माणसाला पायऱ्या नको असतात, नुसतं उत्तर हवं असतं. मी इंटरनेटवरची माहिती वाचून दाखवली. ती म्हणाली, “इंटरनेटवर काहीही असतं,” आणि गुरुजींचा व्हिडिओ लावला.

दहाव्या बैठकीला मी सोबत गेले. आईचा टब ओळीत शेवटचा. गुरुजींनी सगळे टब भरले, ‘अभिमंत्रित सैंधव’ टाकलं, प्रत्येक टबात मशीनच्या वायरच्या टोकाची गोल डबी सोडली आणि मशीनवरचं आईच्या टबाचं बटण आधी दाबलं. बायका पाय बुडवणार, तेवढ्यात बानूबाई आली.

सोसायटीमागच्या बिल्डरच्या मोकळ्या प्लॉटवर बानूबाईच्या मेंढरांचा वाडा बसला होता. गुरुजींनी बैठकीनंतर शेळीचं दूध सांगितलं होतं, ते ती घालायची. त्या दिवशी किटलीमागून तिची शेळीही आत आली. तिचं नाव करिष्मा. सोसायटीच्या नियमावलीत लिफ्टमध्ये शेळीला बंदी आहे. क्लबहाउसाबद्दल काहीच म्हटलेलं नाही.

करिष्मा चार टबांना नुसतं हुंगून पुढं गेली. पाचव्यात, कमलताईंच्या, तोंड घातलं तेव्हा त्यांनी तिला ढकललं. सहाव्या टबात, म्हणजे आईच्या, पुढचे दोन्ही पाय घालून उभी राहिली आणि पाणी चाटू लागली.

“हाकला! ऊर्जा दूषित होतेय!” गुरुजी ओरडले.

पण पाणी पिवळं झालं होतं. मग तांबूस. मग काळपट. करिष्मानं तोंड वर करून शिंक दिली.

सगळ्यांनी तक्त्याकडं बघितलं. स्तन व काख.

“मुक्या जिवातही विष असतं,” गुरुजी सावरले. “प्लास्टिक खातात बिचाऱ्या.”

“माझी बकरी प्लाष्टिक खात न्हाई,” बानूबाई म्हणाली. “आन् ती आतून काय घालतीया वो? धरण कुटं हाय हिच्यात?”

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

“हिला काय झाल्यालं न्हाई. धार काढताना म्या रोज हात फिरवते. हितं जबड्याखाली, हितं खांद्याम्होरं, हितं कासंच्या वर. गाठ लागली का जनावर बाजूला काढायचं, आन् त्याच दिशी डाक्टरला दावायचं. चोळायचं न्हाई, लेप लावायचा न्हाई, वाट बगायची न्हाई.” तिनं सगळ्यांकडं बघितलं. “तुमी सोताला कवा हात लावून बगता का गं बायांनो?”

आईचा हात आपोआप डाव्या काखेकडं गेला.

“बानूबाई,” तिनं विचारलं, “ती माझ्याच टबाशी का आली?”

“मिठाला, मास्तरीणबाई. जितं मीठ लई, तितं ती जातीया.”

आई उभी राहिली. पहिल्या टबात बोट बुडवून चाटलं. ते जेमतेम खारट होतं. स्वतःच्या टबातलं पाणी चाखणं शक्य नव्हतं, तिथं शेळीचे पाय होते. म्हणून शेजारच्या कमलताईंच्या टबातलं चाखलं. ते चांगलंच खारट लागलं.

“कमल, तूही यांना गाठ असल्याचं सांगितलंस?”

कमलताईंनी मान हलवली.

“गुरुजी,” आई पाचवी ‘ब’च्या आवाजात म्हणाली, “नवं पाणी. दोन चमचे मीठ. पाय कोणाचेच नाहीत. मशीन चालू करा.”

“आशालताताई, हा साधनेचा अपमान—”

“पायऱ्या दाखवा.”

बटण मी दाबलं. रिकाम्या टबात पाणी पिवळं, तांबूस, काळपट झालं.

“हॉलमधली नकारात्मकता...” गुरुजी म्हणाले, पण दाराच्या दिशेनं म्हणाले.

मी मशीन बंद करून वायरची डबी उघडली. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या, अर्ध्या खाल्लेल्या. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. मीठ जास्त, तर गंज जास्त. ज्यांनी भीती सांगितली, त्यांना दोन चमचे. मशीनच्या पाठीवर अर्धवट खरवडलेलं स्टिकर होतं: ‘जलशुद्धी यंत्र – घरोघरी प्रात्यक्षिक संच’. पूर्वी हे गृहस्थ नळाचं पाणी विषारी ठरवत. मग धंदा वाढवून त्यांनी बायका ठरवल्या.

त्याच दुपारी आम्ही डॉक्टर सुनीतींकडं गेलो. त्यांनी दोन्ही बाजू आणि काखा तपासल्या, मग कागदावर रेघा काढल्या. लसिका खरीच असते, त्या म्हणाल्या. रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं पाणी बारीक नळ्यांतून गोळा होतं, वाटेत ग्रंथींमध्ये गाळलं जातं आणि गळ्याशी परत रक्तात मिसळतं. तळपायातून बाहेर जात नाही. स्तनातली बरीचशी लसिका काखेतल्या ग्रंथींकडं जाते, म्हणून कॅन्सर असला तर तो बहुधा आधी तिथं पोचतो. ब्रेसियरनं काही अडत नाही. सुईनं गाठ चिडत नाही, ती कसली आहे ते कळतं. बहुतेक गाठी साध्याच असतात. पण ते तपासल्यावर म्हणायचं, आधी नाही.

“गाठ कधी हाताला लागली?”

“गणपतीत.”

“मग इतके दिवस काय करत होतात?”

आईनं माझ्याकडं बघितलं.

“पाय धूत होते,” ती म्हणाली.

गाठ साधी नव्हती. लहान होती. ऑपरेशनच्या वेळी काखेतल्या ग्रंथी तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. उरलेल्या बारा बैठका झाल्या असत्या, तर काय निघालं असतं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही.

गुरुजी टब तिथंच टाकून गेले. एकात आता करिष्मा पाणी पिते, बिनमिठाचं. आईनं तो तक्ता उतरवून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि पुन्हा भिंतीवर लावलं: ‘कोणी चमत्कार दाखवला तर म्हणा, आता माझ्याशिवाय करून दाखवा. आणि गाठ लागली तर त्याच दिवशी डॉक्टर. शेळीचा नियम आपल्यालाही लागू आहे.’