अथांग बोडी

गावातले सगळे अर्ज मीच लिहितो. चिचगडच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव. शाळेत मराठी शिकवणारा मी एकटाच, त्यामुळे माझ्या अक्षराला मान. २००९ साली सरपंच धुरपताबाईंनी बोडीच्या खोलीकरणाचा अर्ज लिहायला सांगितला. बोडी म्हणजे गावचं तळं. गाळानं भरलेली. आदल्या साली ती दिवाळीआधीच आटली आणि खालच्या बांध्यांतला, म्हणजे भातखाचरांतला, धान पोचट राहिला. त्यात धुरपताबाईंचाही होता.

आता नुसता कोरडा अर्ज लिहिणं माझ्या स्वभावात नाही. मी सुरुवात केली: ‘गावाच्या पूर्वेस पसरलेली आमची अथांग बोडी...’

महिन्याभरात उत्तर आलं. ‘बोडी अथांग असल्याने खोलीकरणाची आवश्यकता दिसून येत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’

धुरपताबाईंनी कागद माझ्यापुढे ठेवला. "अथांग म्हंजे का जी, मास्तर?"

"ज्याचा थांग लागत नाही ते. तळच नाही इतकं खोल."

"आपल्या बोडीत म्हशीचं पोट भिजत नाही. काऊन लिवलं मंग?"

"बाई, तशी लिहायची रीत असते."

"तुमच्या रीतीपायी मले यंदाही पोचट धान कापा लागन."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली.

आम्ही दोघं तालुक्याला गेलो. तिथला इंजिनियर हिंदी बोलणारा. मी त्याला समजावलं, समुद्राला अथांग म्हणतात, आकाशाला म्हणतात, आईच्या मायेलासुद्धा. तिथे कोणी टेप लावत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"गुरुजी, अथांग मतलब अथाह. जिसका तल ही नहीं, उसमें खोदेंगे क्या?"

अर्थ त्यानं बरोबर सांगितला होता. त्याचाच मला जास्त राग आला.

शेवटी तो बोडी पाहायला आला. धुरपताबाईंनी चपला काठावर काढल्या आणि त्या सरळ मधोमध चालत गेल्या. पाणी घोट्याच्या वर आलं नाही.

"साहेब, मी तळालेच उभी आहो. लिवून घ्या."

मंजुरी आली, काम झालं. त्या पावसाळ्यात बोडी काठोकाठ भरली आणि कार्तिकात खालचा धान लोंब्यांच्या भारानं वाकला. पंचायतीनं काठावर फलक लावायचं ठरवलं. धुरपताबाईंनी रंगाचा डबा माझ्याकडे सरकवला.

"मास्तर, लिवा आता तुमचा तो शब्द. आता चालते."

मला भरून आलं. ब्रश बुडवला, पुन्हा ठेवला. मग मासे धरणाऱ्या सुकरामच्या डोंग्यात बसून मधोमध गेलो, बांबू तळाला टेकवला, मोजला आणि येऊन फलकावर लिहिलं: ‘खोली नऊ फूट.’