फणसाची ओली फळी

संध्याकाळी पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक तिरीप शेडमध्ये उतरते, त्या तिरपेत भुगा तरंगायला लागतो, आणि मला केरसुणीचा आवाज येतो. शिंदीच्या मऊ केरसुणीचा. मशीन बंद केल्यावर कानात जी घरघर उरते तिच्या खालून तो आवाज यायचा, सर्र, सर्र, आणि मग मध्येच थांबायचा. थांबला की मी समजायचो, हौसा खाली बसली, चिमूटभर भुगा उचलून अंगठ्याखाली चोळायला लागली, आता मला बोलणी बसणार.

हौसा म्हणजे माझी बायको. मागच्या थंडीत गेली. ऊसतोडीचे दिवस होते, सांजेच्या वाऱ्याला मळीचा वास येत होता, आणि दोन दिवसांच्या तापात एवढी धडधाकट बाई अशी गेली की अंगणातली वाळत घातलेली पातळं तिच्यामागं आम्ही काढली. याहून जास्त मला त्यातलं लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. मला तिचा भुगा सांगायचा आहे.

कुपवाडला कारखान्यांच्या वसाहतीच्या टोकाला आमची शेड. द्राक्षाच्या पेट्या, दारं, चौकटी, पडेल ते काम. भिंतीवर खिळ्यांना पाती टांगलेली, लहानमोठी, गोल, सूर्यासारखी दातेरी, आणि त्यांच्या शेजारी हाताच्या करवती. मी मूळचा लोखंडातला माणूस. पाती पाजळून द्यायचं काम करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. डोळे मिटून बोट फिरवलं तर कुठला दात पडलाय, कुठला दमलाय ते सांगायचो. पण लाकूड म्हटलं की मला सगळं सारखंच. कापायचं ते लाकूड, एवढीच माझी अक्कल. हौसा मेढ्याच्या बाजूची, डोंगरातली. तिच्या घराभोवती झाडं शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी उभी होती आणि त्यांचे स्वभाव तिला माणसांसारखे पाठ होते. आंबा भोळा, बाभूळ खुनशी, निलगिरी वरून सरळ आणि आतून वाकडी. तेव्हा आमच्या संसारात वाटणी अशी की लाकूड तिचं आणि पातं माझं. आणि भांडण या दोघांच्या मधल्या भुग्यावर.

आता पात्याचं शास्त्र असं. लाकूड रेषेत उभं फाडायचं असेल तर दात मोठे आणि मोजके हवेत, दोन दातांमधली खाच खोल हवी, म्हणजे निघालेल्या भुग्याला बसायला जागा मिळते. आडवं कापायचं असेल तर दात दाट हवेत, कारण तिथं लाकडाच्या शिरा उपसायच्या नसतात, सुरीनं तोडल्यासारख्या तोडायच्या असतात. सनमायका चिकटवलेल्या प्लायला त्याहून बारीक, नाहीतर कड उंदरानं कुरतडल्यासारखी होते. एवढं मला येत होतं. पण घाईत कोण पातं बदलतो? एकच पातं लावायचं आणि दिवसभर रेटायचं. हौसाला पात्याचं नाव येत नव्हतं की नंबर. ती फक्त झाडायची. आणि झाडता झाडता तिनं तिचं एक माप बसवलं होतं : फाडताना शेवया पडाव्यात, आडवं कापताना रवा पडावा, आणि पीठ पडायला लागलं की ओळखावं, लाकूड कापलं जात नाही, घासलं जातंय.

"काय वो, आज दिसभर पीठच दळलंय व्हय?"

"पातं परवाच पाजळलंय मी."

"पाजळलं आसंल. पर फाडायच्या कामाला आडव्याचं पातं लावलंय तुमी. करपल्याला वास चुलीपातूर येतोय."

"तुला गं काय कळतंय पात्यातलं?"

"पात्यातलं न्हाई कळत. दळणातलं कळतंय."

आणि ओंजळीतला तो भुगा माझ्या नाकाशी धरायची. काळपट, मऊ, जळक्या वासाचा. सकाळी ती पाण्याला गेली की गुपचूप पातं बदलायचो, आणि सांजेला झाडताना ती हसायची, ते पाठमोरी असली तरी मला तिच्या खांद्यावरून कळायचं.

नव्या जातीच्या पात्यांना दर दाताच्या टोकाला कठीण धातूचा बारीक तुकडा डाख देऊन बसवलेला असतो. ती त्याला टिकली म्हणायची. "ह्याच्या एकेका दाताला टिकली, आन मला संक्रांतीला एक पाकीट," असं दर वेळी. भुसा दाबून केलेल्या तयार फळ्या आल्या तेव्हा त्यांचा भुगा तिनं हुंगला आणि टाकून दिला. म्हणाली, "ह्याला वासच न्हाई वो. आई न्हाई ह्याला." आंब्याचा भुगा ती गोठ्यात पसरायची, बाभळीचा चुलीला, सागाचा डब्यात घालून कपाटात. दिवसभर शेडमध्ये वावरल्यामुळं तिच्या डोक्यावर भुगा बसायचा आणि ऐन तिशीत ती म्हातारी दिसायची. पुढं केस खरेच पांढरे झाले, ते कधी झाले ते मला कळलंच नाही. मला वाटायचं, झटकले की काळे होतील.

तर आता फळी.

हौसाचे वडील गेले त्या पावसाळ्यात त्यांच्या परसातला फणस कोसळला. जमिनीच्या कागदांवर बहिणींच्या सह्या लागतात, तशी हिनंही भावाच्या नावानं सही करून दिली. आमच्याकडं सगळ्याच बहिणी देतात, त्यात कुणी विशेष मानत नाही. भाऊ आनंदा, सरळ गडी. त्यानं विचारलं, "आक्का, तुला काय देऊ? भारीतली साडी घेतीस का?"

"साडी नगं. फणसाची एक फळी दे. लाकडाच्या कारखान्यात नांदते आन बसाय पोतं हाय मला. पाट करून घेते."

ती फळी टेम्पोतून आली, हातभर रुंद, पुरुषभर उंच, आणि हळदीच्या गाठीसारखी पिवळीधमक. हौसानं ती उगवतीच्या भिंतीला उभी केली आणि मला बजावलं, "ओली हाय. मी सांगंन तवा कापायची."

दर दिवाळीला मी विचारायचो. ती बोटाची पेरं फळीवर वाजवायची, कान लावायची, डोळे मिटायची, आणि म्हणायची, "न्हाई वो. अजून ओली हाय." फळी दोन उन्हाळ्यांत वाळते हे कुणीही सांगेल. पण फणसात चीक फार, त्याला आपला वेळ लागतो, असं ती म्हणे. आणि लाकडातला तिचा शब्द मी कधी मोडला नाही. फणसाचं लाकूड उजेडानं पिकत जातं. पिवळी फळी मधाच्या रंगाची झाली, मधाची तांबूस झाली, आमचेही रंग बदलले, तरी ती ओलीच राहिली. सांजेचं झाडून झालं की हौसा त्या फळीला पाठ लावून बसायची, पाय पसरायचे, डोकं मागं टेकायचं, चहा घ्यायचा. त्या वेळी तिच्याशी बोलायचं नाही एवढं मला कळत होतं. तिच्या केसांच्या तेलाचा आणि पाठीचा एक गडद डाग त्या फळीवर उमटला होता, उंबऱ्याला जसा पायांचा उमटतो तसा.

वर्षश्राद्धाच्या आधी आनंदा मेढ्याहून आला. घोंगडं, नाचणी, तुपाची बरणी. बसला, उठला, शेडमध्ये फिरला आणि फळीपाशी थांबला.

"दाजी, त्या दिशी आक्काचा फोटू कशावर ठिवायचा?"

"हाय की खुर्ची."

"खुर्चीवर कशाला? तिच्याच फळीचा पाट करा की. जित्तेपणी बसली न्हाई, आता तरी बसूं द्या."

"ओली हाय ती."

"कोन म्हनलं?"

"तुझी आक्का."

त्यानं पायात चपला सरकवल्या. दारातून निघताना एवढंच म्हणाला, "तुमी ठरवा गड्या. आता तिला कुठं इचारायचं?"

दाजीला कुणी गड्या म्हणत नाही. त्याच्या तोंडून ते निसटलं, आणि माझ्या छातीत जाऊन बसलं.

चार दिवस मी त्या फळीभोवती फिरलो. तिच्या माहेरातलं तिच्या वाट्याला आलेलं एवढंच होतं, आणि ते एकदाच कापता येणार होतं. ओली असताना कापली तर पाट वाळताना पीळ भरेल, मधोमध तडकेल, आणि मग कुणाच्या पाया पडून काही उपयोग नाही. न कापावी तर ती बाई वर्षश्राद्धालाही पोत्यावरच. तिच्यासारखी पेरं मी वाजवून पाहिली, कान लावला. मला माझंच बोट ऐकू आलं.

शेवटी ठरवलं, मशीन नको. मशीन भुगा लांब फेकतं. हाताच्या करवतीचा भुगा पायाशी पडतो, बघता येतो. पण कुठली करवत? ओल्या लाकडाला मोठ्या दातांची, एक दात डावीकडं एक उजवीकडं चांगला फाकवलेली लागते, नाहीतर लाकूड फुगून पात्याला धरतं. वाळलेल्याला दाट दातांची, कमी फाकवलेली. करवत निवडणं म्हणजे फळी ओली की वाळलेली हे आपल्या तोंडानं म्हणणं. तिनं वाळली म्हटलं नव्हतं. मी ओल्याची करवत काढली.

पाटाला बुंध्याकडचं टोक चांगलं, भरीव, गाठ नसलेलं. पण तिचा डाग तिकडं होता. मी वरचं गाठीचं टोक धरलं. खुणेला करवत लावली आणि पहिला ओढा ओढला.

करवत खडखडली. मोकळ्या रस्त्यावर रिकामी गाडी उड्या मारत जाते तशी फटीत हलायला लागली, कडेच्या चिपा उडवायला लागली. धरणं दूरच, तिला अडवायला आत काही नव्हतंच. तिरपेत पिवळी धूळ उठली, हळदीच्या पेवाजवळ उठते तशी, आणि हलकेच खाली बसली. मी वाकून मूठभर भुगा घेतला आणि दाबला. ओल्या भुग्याचा लाडू वळतो. हा बोटांतून वाळूसारखा सांडून गेला.

कोरडी ठणठणीत. आताची नव्हे, किती दिवाळ्यांपासूनची कोण जाणे.

मी तिथंच बसलो. आधी राग आला, खरं सांगतो. मग डाग दिसला. रोज बघतो तोच डाग, पण त्या दिवशी दिसला. दिवसभराच्या रगाड्यानंतर ज्या एका गोष्टीला ती पाठ लावायची ते तिच्या परसातलं झाड होतं. बाकी सगळं माझं घर होतं. कापली असती तर पाट झाला असता, आणि पाट घरात सगळ्यांचा असतो. पेरं वाजवून, कान लावून, डोळे मिटून दर दिवाळीला ती फळीचं काय ऐकत होती ते फळीलाच ठाऊक; मला मात्र तिनं एकच उत्तर दिलं, आणि लाकडातला मोठा शहाणा नवरा ते मानत गेला.

"लय लबाड हायस गं," मी म्हणालो. रिकाम्या शेडमध्ये मोठ्यानं म्हणालो आणि हसू आलं, पुष्कळ दिवसांनी.

मग उठून ती करवत ठेवली, दाट दातांची घेतली. त्या करवतीनं आडवं कापताना गाठीपाशी हात हलका केला, घाई केली नाही. खाली रवा पडला. पिवळा, एकसारखा, भाजायला घ्यावा असा.

वर्षश्राद्धाला हौसाचा फोटो पाटावर बसला. पाटाच्या कोपऱ्यात गाठ आहे, डोळ्यासारखी. जेवणं झाल्यावर आनंदा शेडमध्ये आला, भिंतीला परत उभी केलेली फळी त्यानं पाहिली.

"पाट झ्याक झालाय, दाजी. पर गाठीकडचं का घेतलं? बुंध्याकडचं हे लय नामी हाय. अजून दोन पाट निघतील ह्याचं."

"न्हाई निघायचं. अजून ओली हाय ती."

आनंदा डोंगरातला माणूस, त्याच झाडाखाली वाढलेला. त्यानं फळीवर तळवा ठेवला, नेमका त्या गडद डागावर, आणि बराच वेळ काढला नाही.

"व्हय, दाजी," तो म्हणाला. "लय ओली हाय."

आता सांजेला मीच झाडतो. मध्येच थांबतो, चिमूटभर भुगा अंगठ्याखाली चोळून बघतो, पीठ असलं तर दुसऱ्या दिवशी पातं बदलतो. तिरीप सरकत सरकत फळीवर चढते, डागापाशी क्षणभर थांबल्यासारखी वाटते आणि पुढं जाते. लाकूड किती वाळलं ते मुठीतला भुगा सांगतो; पण माणूस उठून गेल्यावर त्याच्या टेकायच्या जागेत जी ओल राहते, तिला किती उन्हाळे लागतात ते मला ठाऊक नाही, आणि दिवाळीला मी विचारणारही नाही.