पाच घरांचा थर्मामीटर

संशय घेणे हा माझा धंदा आहे, मित्रांनो. आई कपाळाला हात लावून म्हणते, "काही नाही, जरा कोमट आहे." मी ते मानत नाही. मूल म्हणते, "मला बरं वाटतंय." तेही मी मानत नाही. दोन मिनिटे जिभेखाली पडून राहतो आणि मग काय ते सांगतो. मी काचेचा, पाऱ्याचा, आता जुना झालेला थर्मामीटर आहे. आयुष्यात एकदा माझा संशय चुकीच्या माणसावर गेला. त्याची ही हकिकत.

९८.४

तापलेली काच ओढून माझी नळी केली, पाऱ्याचा थेंब भरला, अंगावर बारीक रेघा कोरल्या. कारखान्यातले मला एवढेच आठवते. १९९४ साली महांतेशने मला कोल्हापुरात, गंगावेशीतल्या आपल्या घरी आणले. त्याचा मुलगा श्रीशैल तेव्हा दोन महिन्यांचा होता. "गरम पाण्यात घालू नका, फुटेल," एवढेच औषधवाल्याने बजावले होते. महांतेशच्या आईने, चन्नम्माने, ते फारच मनावर घेतले. गरम नको तर गार तरी कशाला, म्हणून तिने मला कधी पाणीच दाखवले नाही. पदराने पुसायचे, झटकायचे, डबीत ठेवायचे.

काखेत ठेवला तर मी कमी सांगतो, अशीही तिची समजूत होती. म्हणून लहान पोर असले तरी तोंडातच. हनुवटी ती स्वतः घट्ट धरून बसायची.

त्या बोळात थर्मामीटर एकच, तो म्हणजे मी. कुणाचे पोर तापले की चन्नम्माच्या दारात हाक यायची.

"आक्का, थर्मामेटर देतासा?"

"ने की. आपटू नगोस म्हणजे झालं. आमचा थर्मामेटर खोटं बोलत न्हाय."

मला फार अभिमान वाटायचा.

१०१

जून १९९७. श्रीशैलची आई विद्याश्री पतसंस्थेत नोकरीला लागली आणि श्रीशैल बालवाडीत. बालवाडीची मदतनीस शालूबाई मूळची मुरगूडची. ती सकाळी लांब दोरी घेऊन यायची. दोरीला गाठी, एकेका गाठीला एकेक पोर. आमच्या बोळातली पाच, पुढच्या गल्ल्यांतली पंधरा.

अकराव्या दिवशी श्रीशैल तापला. बरा झाला, आठ दिवस गेला, पुन्हा तापला. जुलैत कान फुटला. ऑगस्टमध्ये खोकला असा लागला की पोर जेवताना ओकायचे. डॉक्टर म्हणाले, "बालवाडीत घातलं की पहिलं वर्ष असंच जातं. वीस पोरं एकत्र आली की एकमेकांचं घेणारच."

चन्नम्माचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नाही.

आधी बालवाडीतला माठ. मग पावसाळी हवा. मग दृष्ट, मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, तरी मी ताप १०१च दाखवला. मग सुनेची नोकरी. "तू घरात असतीस तर एवढं झालं नसतं," हे चन्नम्मा भांड्यांकडे बघत बोलायची, म्हणजे ते भांड्यांना सांगितल्यासारखे व्हायचे.

आणि मग शालूबाई.

मी खिडकीतल्या फळीवरून पाहत असे. शालूबाई खोकायची. एकाच पदराने पाच जणांची नाके पुसायची. पोरांच्या गालांवरून हात फिरवायची. हीच. मला दुसरा पुरावा नको होता.

१०३

सप्टेंबरात बोळातली पाचही पोरे पाठोपाठ आजारी पडली. मी या घरातून त्या घरात नुसता धावत होतो. शेजारच्या झुंबरबाईच्या नातीला १०३. एवढी मागणी मला कधीच नव्हती.

शालूबाई दोरी घेऊन दारात आली, तर एकही गाठ भरेना.

"आज बी कोण न्हाय?" तिने विचारले.

"कुठनं असणार?" चन्नम्मा म्हणाली. "तुझा खोकला घरला ठेवून येत जा की."

"आक्का, माझ्या हाताखाली वीस पोरं हाईत. पलीकडची पंधरा उड्या मारत्यात. तुमच्याच बोळातली पाच का पडत्यात, ते सांगा की मला."

"म्हंजे तू आमची पोरं मोजतीस व्हय?"

शालूबाईने रिकामी दोरी गुंडाळली. मग म्हणाली, "मोजायलाच ठेवलंय मला. एखादं वाटंत ऱ्हायलं तर?"

दुपारी चन्नम्मा चार बायकांना घेऊन बालवाडीच्या बाईंकडे गेली. एकतर शालूबाई राहील, नाहीतर आमची पाच पोरे, असे तिने बजावले. बाईंनी शनिवारपर्यंतची मुदत मागितली. शनिवारी शालूबाईला काढायचे ठरले.

मी मात्र फळीवर गार पडलो होतो, मित्रांनो. पाचच का? पलीकडच्या पंधरांनाही तोच माठ, तोच पदर, तोच खोकला. मग या पाच घरांत असे काय होते, जे त्या पंधरांत नव्हते?

मी.

मला बोलता येत नाही. मला फक्त चढता येते आणि उतरता येते.

शुक्रवारी संध्याकाळी विद्याश्री कामावरून आली, तेव्हा झुंबरबाई मला परत देऊन उंबऱ्यातून उतरत होती. चन्नम्माने मला पदराने पुसले, झटकले आणि श्रीशैलच्या ओठांशी नेले.

"आत्ती, थांबा," विद्याश्री म्हणाली. "ह्यो आत्ता कुणाच्या तोंडात होता?"

"झुंबरच्या नातीच्या. पुसला की."

"आणि त्याच्या आधी?"

चन्नम्मा बोटांवर मोजायला लागली. एक घर, दुसरे घर, तिसरे. चौथ्या बोटावर ती थांबली. मी तिच्या मुठीत होतो.

"तीन वर्सं पाणी लावलं न्हाय मी ह्याला," ती म्हणाली. "फुटंल म्हणून."

गप्प राहणे विद्याश्रीला सोपे होते. शालूबाई गेली असती, घरात शांतता राहिली असती.

"आत्ती, उद्या शनिवार हाय," ती एवढेच म्हणाली.

९९

शनिवारी चन्नम्मा मला डबीत घालून बालवाडीत घेऊन गेली. शालूबाई दोरीच्या गाठी सोडत बसली होती. बोळातल्या बायका आधीच आल्या होत्या. चन्नम्माने डबी बाईंच्या टेबलावर ठेवली.

"तोंडातनं तोंडात ह्यो फिरत हुता. माझ्या हातानं. हिला काढू नगा."

झुंबरबाई म्हणाली, "आक्का, तुमचा थर्मामेटर तर खोटं बोलत न्हाय."

"तो न्हाय बोलला. मी बोलले."

शालूबाईने मान वर केली नाही. "सोमवारी पोरं धाडा," ती म्हणाली. "ह्या थर्मामेटरला मातूर धाडू नगा."

शालूबाई राहिली. मात्र त्यानंतर तिने आमच्या घरचा चहा कधी घेतला नाही. मला साबण लागला, गार पाणी लागले, आणि चारही घरांनी आपापले थर्मामीटर घेतले. मला कुणी मागेनासे झाले.

श्रीशैल नोव्हेंबरात पुन्हा तापला. मला धुऊन काखेत ठेवले होते, तरी १०१. डॉक्टर खरे बोलले होते. दोष माझा होता, पण सगळा माझा नव्हता. चन्नम्माची नजर आपसूक रस्त्याकडे वळली. शालूबाई दोरी घेऊन येत होती. चन्नम्मा दारात गेली.

"शालू, पोरगं पडलंय. चार दिवस येणार न्हाय. तुझं काय न्हाय त्यात."

"मी कुठं म्हणतो माझं हाय म्हणून?" शालूबाई म्हणाली आणि पुढच्या गल्लीकडे चालू लागली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला वापरण्याआधी आणि नंतर गार पाण्याने, साबणाने धुवा. आणि तो जो आकडा दाखवील तेवढ्यावरच थांबा. ताप कुणी दिला, हे आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नाही.