रुमालाखालचा हात

लकवा हा म्हाताऱ्यांचा रोग आहे, याविषयी वऱ्हाडातल्या मालेगावच्या बैलबाजारात दुमत नव्हते. जगदेव एकतीस वर्षांचा होता आणि त्याची उजवी बाजू गेली होती. तेव्हा बाजाराने आपले मत न बदलता जगदेवालाच म्हातारा ठरवून टाकले.

काही महिन्यांत पाय ओढत का होईना, तो चालू लागला. उजवी मूठ मात्र जे धरी ते सोडीत नसे. वाशीमच्या डॉक्टरांनी ती उघडण्याचा सराव सांगितला होता. बायको सोजरबाई रोज त्या मुठीत कणकेचा गोळा देई आणि शेवटी बोटांतून खरवडून काढी.

जगदेव बैलांचा दलाल होता. बैलाचे मोल रुमालाखाली ठरते: समोरच्याची जितकी बोटे धरावीत तितके शेकडे, सगळा पंजा धरला की पाचशे. हात उजवाच लागतो.

जुन्या ओळखीखातर दौलतरावांनी आपला बैल त्याच्याकडे सोपवला. "एक डाव पाहातो. नाही जमलं तं माणूस दुसरा."

गिऱ्हाईक मारोतराव. रुमाल पडला. जगदेवाने पंजा धरला. मारोतरावांनी नकारार्थी मान हलवली. चारशेपर्यंत उतरण्याची मुभा होती, आणि जगदेव उतरायला तयारही होता. एकच बोट सोडायचे होते. मूठ ढिली होईना. तोंडाने आकडा सांगणे म्हणजे दलालीच सोडणे.

"काहून इतकं आवळून राह्यले, बाप्पा? बैलात तसं काही हाय काय?"

जगदेवाने बैलाकडे पाहिले. बैल रवंथ करीत होता.

"बरं, देल्ले," मारोतराव म्हणाले. "आता हात तं सोडा."

तो शेजारी उभ्या दौलतरावांना रुमालाखाली हात घालून सोडवावा लागला.

मारोतराव बैल घेऊन गेल्यावर जगदेव म्हणाला, "दादा, मी चारशेवर आलो होतो. मूठच उघडली नाही."

दौलतरावांनी विचार केला. "कोणाले सांगू नको. आन् ते कणीक मळनं बंद कर."

संध्याकाळी सोजरबाईने गोळा पुढे केला. "उघडला काय हात?"

"सौदा झाला."

"मी हाताचं इचारून राह्यली."

ती चुलीकडे वळली. जगदेव गोळा दाबीत बसला. थोड्या वेळाने करंगळी आपण होऊन पेरभर उघडली. इतक्या महिन्यांत प्रथमच. तो करंगळीकडे पाहतच राहिला.

"जगदेव, हायेस काय?" अंगणातून आवाज आला. "माहा गोऱ्हा इकाचा हाय. तुहा हात लय कडक म्हन्तेत."

जगदेवाने खांद्यावरचा रुमाल काढून करंगळीवर टाकला.

"या," तो म्हणाला.