तांदळात पुरलेली लेन्स

इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या एकाच बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, सारस जोडीचा फोटो प्राध्यापक योगराज दरवर्षी एकाच झूम लेन्सने घेत आले होते. पुढे-मागे सरकवायची ती जड, धातूची लेन्स बनवणे कंपनीने केव्हाच बंद केले होते. डोळा बदलला की पुरावाही बदलतो, असे इतिहासाच्या या निवृत्त अध्यापकाचे मत. यंदा पिल्लू उडून जाण्याआधीचा फोटो तेवढा राहिला होता.

नेमकी तेव्हाच विक्कीने मागितली म्हणून त्यांनी ती लेन्स त्याला दिली. विक्की त्यांचा जुना विद्यार्थी; गोंदियात त्याचा स्टुडिओ, वडिलांची राइस मिल. एका गिऱ्हाईक जोडप्याच्या लग्नाआधीच्या हौशी चित्रीकरणात लेन्स धरणाच्या पाण्यात पडली. भिजलेल्या मोबाइलचे जे करतात तेच विक्कीने केले: मिलमधल्या ताज्या तांदळाच्या ड्रममध्ये ती पुरली. शिवाय वारा लागावा म्हणून रोज आतल्या आत ओढली, ढकलली. भात्यासारखी ती कोंडा ओढत राहिली.

दिवाळीनंतर लेन्स परत आली. काचांमध्ये बुरशीचे पांढरे जाळे होते आणि त्या जाळ्यात एक सोंडकिडा सावकाश फिरत होता.

"सर, नाराज नका होऊ. पयले फोटो तं पाहा," विक्की म्हणाला. त्याची बायको टीना स्टुडिओचे पेज सांभाळायची. तिने मोबाइल पुढे केला. तांदळातून निघालेल्या त्याच लेन्सने टिपलेल्या नवरानवरीभोवती नासलेल्या दुधासारखे धुके, आणि खाली प्रतिक्रियांत शेकडो उसासे: अशी लेन्स आता बनतच नाही!

"हिला नागपूरला साफ करायला नेतो."

"साफ कायले करता, सर? हेच तं तिचं कॅरेक्टर हाये!"

"बुरशी?"

"बुरशी नका बोलू ना. व्हिंटेज बोला."

"माझ्या भाकरीवर आली तर तिला काय म्हणू?"

टीना खळखळून हसली. "सरजी, भाकरी से फोटो थोडी ना निकालते हैं!"

योगराज हसले नाहीत. धडधाकट असताना जिच्याकडे कोणी फिरकले नव्हते, तिच्या कुजण्याला आता भक्त लाभले होते. भग्नावशेषांचे भाविक त्यांनी ग्रंथांत पुष्कळ पाहिले होते. देऊळ नांदते असताना त्यांतला एकही झाडू घेऊन आलेला नव्हता.

लेन्स साफ होऊन आली. थोडे धुके उरले असेल या आशेने विक्की बांधीवर सोबत आला. त्याने तिच्यातून पाहिले आणि त्याचे तोंड उतरले.

"सर, हे तं मोबाइलवानीच दिसून राहिलं."

तो मोटारसायकलीकडे वळला. योगराजांनी कॅमेरा डोळ्याला लावला. कापणीला आलेल्या धानात सारसांच्या लाल माना, मधे पिंगट पिल्लू पंख उघडत होते. त्यांनी लेन्स ओढली. काचा स्वच्छ झाल्या तरी तिच्या पोटात उरलेल्या कोंड्याचा कुबट वास थेट नाकात आला. त्यांनी श्वास रोखला आणि बटण दाबले.