डब्यांच्या कारखान्यातली घंटा

आमच्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात इतका गोंगाट असायचा की छपरावरून उडणारे कावळे चोच उघडायचे आणि स्वतःचाच आवाज आला नाही म्हणून गोंधळून माघारी फिरायचे. खोटं वाटत असेल तर त्या कावळ्यांना विचारा. शिंक आली की नाही, हे रुमाल बघून ठरवावं लागायचं. कुणाशी भांडायचं तर राग सुट्टीपर्यंत जपून ठेवावा लागायचा, आणि फाटकापर्यंत पोचताना तो निम्मा सांडून गेलेला असायचा. शेजारशेजारच्या यंत्रांवर माणसांचे केस पिकले, पण एकमेकांना मुलं किती हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी तिथे यंत्रांना तेल घालायचो, म्हणून सगळीकडे फिरायचो.

झाकणं ठोकणाऱ्या मावशीनं एक दिवस आपल्या भाचीला कचेरीत मालकांपुढे उभं केलं, तेव्हा मी तिथल्या दाराला तेल घालत होतो. पोरीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची. काम कुठलंही शिकायची तयारी, पण जिथे जाईल तिथे उंबऱ्यावरूनच परत पाठवत होते.

मालक वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. म्हणाला, "काम शिकेल हो ती, मावशी. पण काही बिघडलं, मी धोक्याची घंटा वाजवली, तर हिला कळणार कसं? हातबित गेला म्हणजे?"

"महिनाभर बघा तर, मालक."

"बघतो. पण महिना संपला की वरून घंटा वाजवणार. यंत्र थांबवून वळली, तर कायम. नाही वळली, तर मला दोष देऊ नका."

बाहेर आल्यावर मावशी मला म्हणाली, "ऐकलंत ना, तेलवाले? बहिऱ्या पोरीनं घंटेला वळायचं! नकारच दिलाय मेल्यानं, फक्त महिनाभर उशिरा."

भाचीला शेवटच्या रांगेतलं दाबयंत्र मिळालं. तिथून ती मावशीशी हातांनी बोलायची, मधल्या सगळ्या रांगांच्या डोक्यावरून. हे पहिल्यांदा दिसलं ते पत्रा कापणाऱ्या रेडिओला. रेडिओ म्हणजे बोलल्याशिवाय अन्न न पचणारा माणूस. एवढी वर्षं त्या गोंगाटात तो मनातल्या मनात फुगत चालला होता. जेवणाच्या सुट्टीत तो मावशीपुढे हात जोडून उभा राहिला.

"मावशी, मलाही शिकव म्हणावं हिला."

"जिभेनं छळून झालं, आता हातांनी छळणार का लोकांना?"

पण भाची हसली आणि तिनं शिकवलं. आधी पाणी, गरम, थांब. मग सासू, जावई, चहाडी. रेडिओकडून ते त्याच्या रांगेला लागलं, तिथून दुसऱ्या रांगेला, आणि बघता बघता अख्खा कारखाना बोलायला लागला. भांडणं जागच्या जागी, गरमागरम व्हायला लागली. पहिल्या रांगेतल्या बाईच्या मुलीची सोयरीक पाचव्या रांगेतल्या बुवांच्या मुलाशी ठरली, आणि दोघांपैकी कुणी यंत्र सोडलं नव्हतं. माझ्या दोन्ही हातांत तेलाच्या पिचकाऱ्या. त्यामुळे अख्ख्या कारखान्यात मुका उरलो तो मी एकटा.

महिना संपला. सकाळीच मालक कचेरीसमोरच्या उंच सज्जात येऊन उभा राहिला आणि त्यानं घंटेची दोरी ओढली. भाचीची पाठ तिकडे होती. तिचे हात चालूच. सकाळपासून सज्जाकडेच नजर लावून असलेल्या मावशीनं डोळे मिटून घेतले.

मी सज्जाच्या बरोबर खाली होतो. घंटेचा लोळा इकडून तिकडे आपटताना दिसत होता आणि कानांना काही म्हणजे काही पोचत नव्हतं. मी वळून कारखान्याकडे पाहिलं. एकही मान हलली नव्हती! मालकाच्या ते लक्षात आलं तसा तो दोन्ही हातांनी दोरीला लोंबकळायला लागला. तरी कुणी वळेना. जेवणाची घंटा आम्हाला रोज ऐकू यायची असं आम्ही समजत होतो. ती आम्हाला पोटातूनच ऐकू येत होती.

घाम पुसायला रेडिओनं मान वर केली आणि दोरीला लटकलेला मालक त्याला दिसला. खरंच काहीतरी झालंय, असं वाटून त्यानं दोन्ही हात उंच केले. थांबा! शेजारच्यानं केले. मग पुढची रांग. मी पिचकाऱ्या टाकल्या आणि माझेही हात वर गेले. उभ्या पिकावरून वारा जावा तसे ते हात उठत गेले, तेलकट, भेगाळलेले, बोटं नसलेले, एकामागून एक, पार शेवटच्या भिंतीपर्यंत. भाचीसमोरच्या माणसानं हात उचलला. तिनं दांडा ओढला, यंत्र थांबलं, आणि ती वळली.

मग सगळीच यंत्रं थांबली.

अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. पत्र्याची धूळ खाली बसताना ऐकू येत होती. शेकडो माणसांचा श्वास ऐकू येत होता. आणि त्या सगळ्यात वर कुठेतरी एक घंटा किणकिणत होती, शेळीच्या गळ्यात शोभावी एवढीशी. तिच्या भरवशावर आम्ही इतकी वर्षं जीव सोपवून बसलो होतो.

मालक खाली उतरला. पांढराफटक. भाचीसमोर जाऊन उभा राहिला, पण बोलला मावशीशी.

"विचारा हिला. कायमच्या कामगारासाठी यंत्रावर लाल दिवा बसवायचाय. घंटेबरोबर पेटेल असा. चालेल?"

मावशीनं ते हातांनी भाचीला सांगितलं. भाचीनं मान हलवली.

"नको म्हणते?"

"एकच नको म्हणते."

भाची चालायला लागली. तिनं आपल्या रांगेवर बोट दाखवलं, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. मालकानं स्वतः शिडी आणली. ती खालून जागा दाखवायची, तो वर चढून खडूनं फुली मारायचा आणि खाली बघून भुवया उडवायचा, इथे? ती हातानं सांगायची, थोडं अलीकडे. खांबामागच्याला दिसणार नाही. मालक अलीकडे सरकायचा.

यंत्रं बंदच होती. कुणी ती सुरू करा म्हणालं नाही. आम्ही सगळे वर बघत उभे होतो, मान दुखेपर्यंत.